खापराची कड: एत्रुस्कन उत्खननातली मातीची भांडी कशी तपासायची

पैठणला आमच्या कुंभारवाड्यात ठिकऱ्या खेळायला खापर निवडणं हे मोठं काम असायचं. जाड खापर सरकत नाही, पातळ खापर उडतं. बुडाचं सपाट खापर मिळालं की ते आठवडाभर फ्रॉकच्या खिशात जपायचं. आजोबांच्या हातात ते दिलं तर ते नक्षीकडे बघायचेच नाहीत. आधी तुटलेली कड उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "आपल्या आव्यातलं नव्हं हे. यात लीद नाही, वाळू हाये."

पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकले, आणि आता गेली सहा वर्षं जून-जुलैमध्ये इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रांतातल्या एका टेकडीवरच्या एत्रुस्कन उत्खननात खापरांचं टेबल सांभाळते. भिंग आलं, रंगांचं पुस्तक आलं, तरी माझी पहिली नजर अजून कडेवरच जाते. यंदा हाताखाली दोन मराठी मुलं होती. त्यांना जे रोज सांगत होते ते एकदा नीट लिहून ठेवते आहे.

एत्रुस्कन लोक म्हणजे इटलीत आर्नो आणि टायबर या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, रोम मोठं होण्याआधी नांदलेली माणसं. पुणे जिल्ह्यात इनामगावला उत्तर जोर्वे काळातली, म्हणजे ताम्रपाषाण युगाच्या अखेरची, घरं उभी होती, साधारण त्या काळात, म्हणजे इ.स.पू. 900च्या आसपास, तिकडे त्यांची सुरुवातीची गावठाणं दिसू लागतात. त्यांची भाषा लॅटिनच्या कुळातली नाही आणि त्यांचं साहित्य जवळपास सगळं नाहीसं झालं आहे. राहिली ती थडगी, देवळांचे पाये, आणि खापरं. इटालियनमध्ये खापरांना 'कोच्ची' म्हणतात. पहिल्या दिवशी "कोच्ची कुठे ठेवू?" असं कोणीतरी विचारलं तेव्हा मला केरळ आठवलं होतं.

आधी चिठ्ठी, मग खापर

खड्ड्यातून खापर वर येतं ते एका विशिष्ट थरातून. त्या थराला क्रमांक असतो, आणि खापराची अर्धी किंमत त्या क्रमांकात आहे. प्रत्येक पिशवीत दोन चिठ्ठ्या: एक आत, एक बाहेर बांधलेली. उत्खननाचं नाव, वर्ष, खड्डा, थर, तारीख, खोदणाऱ्याची आद्याक्षरं. लिहायचं पेन्सिलने, कारण शाई पाण्याने पसरते आणि उन्हाने उडते.

यात मी जी चूक केली ती सांगते. पहिल्या वर्षी धुतलेली खापरं जाळीच्या ट्रेमध्ये वाळत घातली आणि चिठ्ठ्या नुसत्या वर ठेवल्या. दुपारी डोंगरावरून वारा सुटला. दोन ट्रेच्या चिठ्ठ्या गवतात सापडल्या. कुठली कुठल्या ट्रेची, हे मला "बहुतेक" आठवत होतं, म्हणून मी गुपचूप ठेवून दिल्या. तीन आठवड्यांनी तळच्या जुन्या थरातून निघालेल्या मानलेल्या ट्रेमध्ये काळ्या चकाकीचा एक तुकडा दिसला. तो त्या थराहून निदान तीन शतकं तरुण. सगळा गोंधळ उघडा पडला, आणि दोन्ही ट्रे 'थर अज्ञात' या खोक्यात गेले. मी खापर वाऱ्याच्या डोक्यावर फोडायचा प्रयत्न केला, पण कोणी ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून माझी प्रत्येक चिठ्ठी सुतळीने ट्रेला बांधलेली असते.

धुणं

बादलीभर साधं पाणी, मऊ दातांचा ब्रश, आणि धीर. खापरं भिजत घालायची नाहीत. कमी भाजलेलं खापर पाण्यात तासभर राहिलं तर कडा पेढ्यासारख्या भुसभुशीत होतात. एका हातात खापर, दुसऱ्यात ब्रश, एकेक तुकडा. नवखी माणसं चेहरा घासून लख्ख करतात आणि कडांना माती तशीच ठेवतात. उलट करा. कडा स्वच्छ असल्याशिवाय मातीचा पोत दिसत नाही आणि दोन तुकडे जुळतही नाहीत.

काही खापरं मात्र धुवायचीच नाहीत. आतून काळपट थर धरलेलं स्वयंपाकाचं भांडं असेल तर त्या थरात चरबीचे, तेलाचे अंश राहिलेले असू शकतात. ते प्रयोगशाळेसाठी ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये वेगळं ठेवा, आतल्या बाजूला बोट लावू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत थेट घालू नका. पांढरा किंवा लाल रंग भाजणीनंतर दिलेला असेल तर तो ब्रशच्या पहिल्या फटक्यात निघतो. आधी कोपऱ्यात ओल्या कापसाने टेकून बघा.

आणि धुताना डोळे उघडे ठेवा. 2011 साली मुजेल्लो खोऱ्यात, पोज्जो कोल्ला इथल्या उत्खननात एका विद्यार्थ्याला बुक्केरोचा, म्हणजे एत्रुस्कनांच्या काळ्या भांड्याचा, एक तुकडा सापडला, लांबीला दोन इंचही नसलेला. त्यावर उठावात स्त्रीची आकृती होती: गुडघे वर घेतलेले, पाठीवर केसांचा शेपटा, आणि बाहेर येणारं बाळ. सुमारे 2600 वर्षांपूर्वीचं प्रसूतीचं चित्र. युरोपच्या प्राचीन कलेत असं दृश्य फार फार विरळा. चिखलात तो तुकडा इतर काळ्या तुकड्यांसारखाच दिसला असणार.

वाळवणं सावलीत. उन्हात नको, चटकन वाळताना पापुद्रे सुटतात.

ढीग लावणं

आपल्याकडे उत्खननाच्या जागी आखीव चौकोनांचं 'पॉटरी यार्ड' असतं. इथे लांब टेबलं आणि 'कास्सेत्ता' म्हणजे प्लास्टिकचे क्रेट. काम तेच. एका थराची सगळी खापरं एकदम ओता, आणि आधी कौलं बाजूला काढा. एत्रुस्कन इमारतींवर जड सपाट कौलं आणि त्यांच्या सांध्यावर पन्हळी कौलं असत. त्यांचे तुकडे जाड, सरळ, आणि वजनाने सगळ्यांना दाबून टाकणारे. कौलांना कमी लेखू नका मात्र. सिएनाजवळ मुर्लोच्या पोज्जो चिविताते इथे कार्यशाळेला आग लागली तेव्हा कौलं वाळत घातलेली होती, आणि पळणाऱ्या माणसांच्या पावलांचे ठसे त्या ओल्या मातीत उमटले. आगीनेच ती माती भाजली गेली.

मागाची वजनं, सुताच्या रिळासारख्या मातीच्या गुंड्या, चात्यांच्या चकत्या याही वेगळ्या काढा. त्या भांडी नाहीत, त्यांची नोंद वेगळ्या वहीत होते.

उरलेल्या खापरांचे ढीग मातीवरून लावायचे. रंगावरून लावू नका. घर जळलं असेल तर एकाच वाडग्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा विटकरी झालेला असतो. मी असे दोन तुकडे दोन ढिगांत ठेवून चार दिवस फिरले आहे, आणि शेवटी ते एकमेकांत चपखल बसले.

ढोबळ ढीग असे पडतात. इम्पास्तो: जाडेभरडे कण दिसणारी, बहुतेकदा हाताने घडवलेली, तपकिरी ते काळपट माती. सर्वांत जुनी भांडी यातली, जसं की अस्थी ठेवायचे दोन शंकू जोडल्यासारखे कलश. पण स्वयंपाकाची भांडी आणि रांजण पुढेही शतकानुशतकं अशाच भरड मातीत होत राहिले, म्हणून नुसतं 'इम्पास्तो' लिहून काळ ठरवू नका. बुक्केरो: आरपार काळी किंवा राखाडी, बारीक माती, चाकावरची. मग गाळलेल्या मातीची फिकट, पिवळसर-नारिंगी भांडी, रंगाचे पट्टे असलेली किंवा कोरी. आणि काळ्या चकाकीची भांडी, इ.स.पू. चौथ्या शतकापासून पुढे मुबलक: आतून पिवळट किंवा गुलाबी माती, वर काळा चकचकीत लेप.

यात ग्रीक पाहुणेही निघतात. अथेन्सची चित्रं काढलेली भांडी एत्रुस्कन लोकांनी इतकी विकत घेतली की अठराव्या शतकात युरोपला ती एत्रुस्कनच वाटत होती. जोसाया वेजवुडने 1769 साली इंग्लंडमधल्या आपल्या कारखान्याला 'एत्रुरिया' (एत्रुस्कनांचा मुलूख) नाव दिलं ते त्याच समजुतीतून. क्यूझीजवळ 1844-45 मध्ये मिळालेलं फ्रांस्वा कलश म्हणून प्रसिद्ध असलेलं भांडं अथेन्सच्या एर्गोतिमोसने घडवलेलं आणि क्लेइतिआसने रंगवलेलं आहे, तशी सही त्यावर आहे. 1900 साली फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात एका रखवालदाराने चिडून त्यावर स्टूल फेकलं आणि त्याचे 638 तुकडे झाले. ते पुन्हा जुळवलं गेलं. जुळणी करताना कंटाळा आला की मी मुलांना ही गोष्ट सांगते.

कड वाचणं

आता मुख्य काम. लहानशी पक्कड घ्या आणि साध्या पोटाच्या खापराचा कोपरा, भाताच्या दाण्याएवढा, तोडा. (काठ, बूड, नक्षी यांना पक्कड लावायची नाही, आणि परवानगी विचारूनच.) जुनी कड मळलेली असते, ताजी कड खरं बोलते. दहापट भिंग डोळ्याला चिकटवा आणि खापर भिंगाजवळ आणा. भिंग खापराकडे नेलं की हात हलत राहतो.

पहिली गोष्ट रंगांचे पट्टे. बुक्केरोची कड बाहेरून आतपर्यंत एकसारखी काळी. काळ्या चकाकीच्या खापरात काळा रंग फक्त साईसारखा वर, आत माती फिकट. हा फरक एकदा डोळ्यात बसला की टेबलावरचे निम्मे घोळ मिटतात. तिसरा प्रकार म्हणजे 'सँडविच': बाहेर दोन्हीकडे लाल आणि मधे राखाडी. भाजणी घाईत उरकली, मातीतला सेंद्रिय अंश पुरता जळला नाही, असा त्याचा साधारण अर्थ.

बुक्केरो काळं का, हे मला पुस्तकाआधी आव्याने शिकवलं. आजोबांना काळी मडकी हवी असली की भाजणी भरात आल्यावर ते आव्याची तोंडं बंद करायचे, वर ओला पाला आणि माती लिंपायचे. आत धूर कोंडला जायचा. हवा मिळाली तर मातीतलं लोह लाल राहतं. हवा तोडली तर तेच लोह काळं होतं, आणि धुरातला कार्बनही मातीत मुरतो. आवा गरम असताना कोणी घाईने उघडला तर मडक्यांवर लाल चट्टे उमटायचे आणि घरात दिवसभर कोणी मोठ्याने बोलायचं नाही. एत्रुस्कन कुंभारांनी हीच युक्ती गाळलेल्या मातीवर, बंद भट्टीत, फार काटेकोरपणे वापरली आणि भाजण्याआधी पृष्ठभाग घोटून घोटून धातूसारखा चमकवला. विदर्भातल्या महापाषाणीय दफनांमधली काळी-तांबडी भांडीही हवेच्या अशाच खेळातून दुरंगी झालेली. नातं काही नाही, पण आग तिकडेही तीच. 'बुक्केरो' हा शब्द मात्र एत्रुस्कन नाही. अमेरिकेतून येणाऱ्या सुगंधी मातीच्या भांड्यांना स्पॅनिशमध्ये 'बूकारो' म्हणत, त्यावरून तो आला.

तुमच्या खापरावर लाल चट्टा दिसला तर "खराब बुक्केरो" लिहून पुढे जाऊ नका. कुठे आहे, बाहेर की आत, कडेत किती खोल गेला आहे, ते लिहा. भट्टीत हवा शिरली होती का भांडं नंतर आगीत सापडलं, हे त्यावरून ठरवता येतं. तुटलेल्या कडेवरही तोच रंग चढला असेल तर भांडं फुटल्यानंतर आग लागली.

दुसरी गोष्ट कण. रंग, आकार, धार, किती दाट. पारदर्शक काचेसारखे कण बहुधा क्वार्ट्झ. चमचमणारे पापुद्रे अभ्रकाचे. पांढऱ्या कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर चुनखडी. काळे, चकचकीत, कोनदार कण ऑजाइटचे असू शकतात, आणि ते ज्वालामुखीच्या खडकातून येतात. दक्षिण एत्रुरिया, म्हणजे चेर्वेतेरी, वुल्चीकडचा मुलूख, ज्वालामुखीच्या राखेच्या दगडावर बसलेला आहे. उत्तरेला मुजेल्लोसारख्या खोऱ्यात वालुकाश्म आहे. तिथल्या रांजणाच्या मातीत असे काळे कण दाट दिसले तर भांडं किंवा माती दुरून आली का, अशी शंका घ्यायची. निकाल मात्र द्यायचा नाही. तो भिंगाच्या आवाक्यातला नव्हे.

लांबट पोकळ्या दिसल्या तर गवत, तूस, शेण असं काही मळलं होतं आणि ते जळून गेलं. आमच्याकडे घोड्याच्या लिदीने अगदी अशीच भोकं पडतात. मूळ मातीपेक्षा वेगळ्या रंगाचे कोनदार तुकडे असतील तर ती कुटून घातलेली जुनी खापरं.

तिसरी गोष्ट, भांड्याच्या आतल्या बाजूच्या रेषा. चाकावर घडवलेल्या भांड्यात बोटांच्या समांतर गोल रेघा असतात. थापीने वाढवलेल्या भांड्यात आत उथळ खळगे. वळ्या रचून केलेलं भांडं बहुतेकदा वळीच्या सांध्यावर तुटतं, आणि ती कड एका बाजूला गुळगुळीत उतरती दिसते.

रंगासाठी मन्सेलचं, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगनमुन्यांचं, पुस्तक वापरा. सावलीत, नैसर्गिक उजेडात, कोरड्या खापरावर. आणि गॉगल काढून. हसू नका, एका मुलाने सबंध सकाळ गॉगल लावून रंग नोंदवले होते.

आकार

काठ, बूड, कान, तोटी, नक्षी: यांना आम्ही बोलके तुकडे म्हणतो. पोटाचे साधे तुकडे मोजून, तोलून परत पिशवीत जातात. बोलके तुकडे पुढे.

काठाचा व्यास असा काढायचा. काठ टेबलावर पालथा टेकवा आणि हळूहळू कलवत न्या, काठाखालून उजेड दिसायचा बंद होईपर्यंत. तो कल म्हणजे भांड्याचा खरा उभेपणा. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर तो काठ ठेवून कुठल्या वर्तुळाशी बसतो ते बघा. तक्त्यावर टक्क्यांच्या रेषाही असतात, म्हणजे हा तुकडा पूर्ण काठाचा किती भाग तेही कळतं. पाच टक्क्यांहून लहान काठावरून व्यास काढू नका. हाताने घडवलेला काठ कुठेच पुरता गोल नसतो. तिथे 'अनिश्चित' लिहायला लाजू नका.

मग त्या तुकड्याचं चित्र काढायचं: मधे उभी रेघ, डावीकडे छेद भरीव काळा आणि भांड्याची आतली बाजू, उजवीकडे बाहेरची बाजू. मूळ आकारात पेन्सिलने काढायचं. भांड्यावर दाबली की त्याचा आकार घेणाऱ्या काट्यांच्या फणीने उतार घेता येतो, पण जाडी कॅलिपरने दर सेंटिमीटरला तपासा. मुलं फणीवर विसंबतात आणि सगळी भांडी सारख्या जाडीची होऊन बसतात.

बुक्केरोत तर जाडी म्हणजे काळच. इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्याच्या आसपास चेर्वेतेरी परिसरात ते सुरू झालं तेव्हा भिंती कागदासारख्या पातळ, नक्षी बारीक रेघांची आणि ठिपक्यांनी काढलेल्या छोट्या पंख्यांची. धातूच्या भांड्यांची नक्कलच ती. सहाव्या शतकात भिंती जाड होत गेल्या, क्यूझीसारख्या ठिकाणी उठावाच्या आकृत्या, चिकटवलेली मुंडकी अशी गर्दी आली. इटालियन लोक पहिल्याला 'सोत्तीले' म्हणतात, दुसऱ्याला 'पेसांते', म्हणजे पातळ आणि जड. मला स्वतःला पातळच आवडतं. जड बुक्केरो बघताना लग्नातल्या पितळी समईची आठवण येते, जिच्यावर कारागिराला कुठे थांबावं ते कळलेलं नाही.

आकारांत सगळ्यात जास्त भेटेल तो कान्थारोस: उभा पेला, दोन पट्टीसारखे कान काठाच्याही वर उंच उठून खाली वळलेले. वाटीच्या मोडणीवर खाचांची ओळ असते. (मोडण म्हणजे जोर्वेच्या वाडग्याला मधे असते तसा कोन.) एवढीशी खाचांची ओळ असलेला तुकडाही पुरतो. हे पेले दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत सापडतात, दारूच्या व्यापाराबरोबर गेलेले. एकच उंच कान असेल तर तो बहुधा कीआथोस, म्हणजे डावासारखा पेला. तीन पाकळ्यांचं तोंड असलेली सुरई म्हणजे ओइनोखोए. पोटफुगीर, बाहेर वळलेल्या काठाची ओल्ला म्हणजे आपली तवली: तिच्या बुडाला काजळी कुठपर्यंत आहे बघा, म्हणजे ती निखाऱ्यात बसत होती की वर टेकवलेली होती याचा अंदाज येतो.

प्रमाण टायपोलॉजी, म्हणजे आकारांच्या क्रमांकवार याद्या, वापरायच्याच आहेत, बुक्केरोसाठी टॉम रॅस्म्युसेन यांची 1979ची, काळ्या चकाकीसाठी ज्यां-पॉल मोरेल यांची. पण आधी स्वतःच्या शब्दांत वर्णन लिहा, मग प्रकाराचा क्रमांक शोधा. क्रमांक आधी डोक्यात शिरला की हात त्याच आकाराचं चित्र काढतो.

मोजणी, आणि साध्या तुकड्यांची बाजू

प्रत्येक ढिगाचे तुकडे मोजा आणि वजनही करा. एक रांजण फुटला तर दहा किलोचे चाळीस तुकडे होतात. एक पातळ पेला फुटला तर दोनशे ग्रॅमचे साठ. नुसती संख्या घेतली तर पेल्यांचं राज्य, नुसतं वजन घेतलं तर रांजणांचं. म्हणून तिसरा आकडा काठाचा. समजा एकाच मातीच्या, एकाच आकाराच्या पेल्याचे चार काठ मिळाले, 12, 30, 8 आणि 25 टक्के. बेरीज 75, म्हणजे 0.75 पेला. हे हास्यास्पद दिसतं, पण दोन थरांची तुलना करायला यासारखा प्रामाणिक आकडा नाही.

पोटाच्या तुकड्यांना कंटाळून "हे टाकून देऊ या का?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. 1840च्या दशकात जॉर्ज डेनिस नावाचा इंग्रज वुल्चीला गेला होता. तिथे थडगी उघडून चित्रांची भांडी विकायला काढत होते, आणि साधी, चित्र नसलेली, काळ्या मातीची भांडी मजूर पायाखाली चिरडत होते. वरून हुकूमच तसा होता. स्वस्त माल बाजारात येऊ द्यायचा नाही. त्या थडग्यांत रोजच्या वापराचं काय ठेवलं होतं, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. मी हे सांगते आणि वजनकाटा पुढे सरकवते.

वेडंवाकडं झालेलं, फुगलेलं, फोड आलेलं, दुसऱ्याला चिकटलेलं खापर दिसलं तर ते आनंदाने वेगळं काढा. बिघडलेला माल कोणी दूर नेत नाही. भट्टी जवळपास होती.

थराचं वय

एका थरात तीनशे तुकडे बुक्केरोचे आणि एक तुकडा काळ्या चकाकीचा. थर कधीचा? बहुमत बुक्केरोचं, पण थर त्या एका तुकड्याहून जुना असू शकत नाही. जुनी खापरं नव्या भरावात येतात, पैठणला तर अंगण झाडलं तरी सातवाहनांची येतात. नवं खापर जुन्या थरात आपोआप येत नाही.

मात्र तो एक तुकडा खरंच त्या थरातला आहे का, हे आधी तपासा. उंदराचं बीळ, झाडाचं मूळ, भिंतीसाठी खणलेला चर, नांगर. खोदणाऱ्याची वही वाचा, त्याला जाऊन विचारा. आणि माझ्यासारखी कोणी चिठ्ठ्या उडवलेली नाही ना, तेही. दोन वेगळ्या थरांतले तुकडे एकमेकांत जुळले तर ती जागा नकाशावर रेघ ओढून दाखवा. भराव कुठून उचलून कुठे टाकला ते त्या रेघांवरून दिसतं.

ओरखडे आणि अक्षरं

प्रत्येक बुक्केरो तुकडा अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून एकदा बघा. आडव्या उजेडात ओरखडा उठून दिसतो. खणताना लागलेला ओरखडा फिका, आत स्वच्छ. जुन्या ओरखड्यात माती आणि काळाचा थर बसलेला. भाजण्याआधी कोरलेल्या रेघेच्या काठाला मातीची बारीक वरंबी उठलेली असते, नंतर कोरलेल्या रेघेचे काठ खरबरीत, टवके उडालेले.

पुष्कळदा नुसता क्रॉस किंवा चांदणी निघते. कधी अक्षरं. एत्रुस्कनांनी लिपी ग्रीकांकडून घेतली आणि ते बहुधा उजवीकडून डावीकडे लिहीत, म्हणून चित्र काढताना सवयीने उलटवू नका. भांडी स्वतःबद्दल बोलतात, आणि सुरुवात फार वेळा 'मि' या शब्दाने होते. 'मि' म्हणजे मी! योगायोगच आहे, भाषांचं नातं नाही. चेर्वेतेरीच्या 1836 साली उघडलेल्या रेगोलिनी-गालास्सी थडग्यातल्या चांदीच्या भांड्यांवर 'मि लार्थिया' असं आहे: मी लार्थचं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टीलच्या डब्यावर आजीने कोरून घेतलेलं नाव आठवलं. वर्गात हरवू नये म्हणून.

प्रयोगशाळा आणि गोदाम

इथून पुढचं काम भिंगाचं नाही. कण कुठल्या खडकातले ते ठरवायला खापराची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मातीतल्या मूलद्रव्यांसाठी क्ष-किरणांची चाचणी. चरबी, मेण, राळ यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी. पण नमुना निवडायचा तुम्हीच, म्हणून प्रश्न आधी ठरवा. "बघू काय निघतं ते" म्हणून खापर कापू नका. इटलीत जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारच्या मालकीची असते. नमुना कापायला, बाहेर न्यायला लेखी परवानगी लागते. खिशात घालून आणलेला तुकडा घरी शोकेसमध्ये ठेवला तर तो गुन्हा आहे, आणि थराच्या क्रमांकाविना तो ठिकरी खेळण्यापलीकडे कशाच्या कामाचाही नाही.

घरबसल्या सराव करायचा असेल तर कुंभाराकडची फुटकी मडकी, पणत्या, सुगडं गोळा करा. पक्कड लावा, कडा बघा, व्यास काढा, मग साबूत मडकं घेऊन आपला व्यास पडताळा. आणि पुद्दुचेरीकडे गेलात तर अरिकामेडू या प्राचीन बंदराची खापरं संग्रहालयात नक्की बघा. 1945 मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने तिथे उत्खनन केलं, इटलीतल्या अरेझ्झोची लाल चकचकीत भांडी मिळाली आणि त्यावरून दक्षिण भारतातल्या एका सबंध काळाला तारीख मिळाली. अरेझ्झो हे मुळात एत्रुस्कन शहर, आणि त्या लाल भांड्यांआधी तिथले कुंभार काळ्या चकाकीची भांडी करत होते.

शेवटी क्रेट भरताना कौलं आणि रांजणाचे तुकडे तळाला, बुक्केरो वर, जुळवलेले तुकडे वेगळ्या डब्यात फोममध्ये. खापरावर क्रमांक घालायचा तर आधी पॅरालॉइडचा, म्हणजे पारदर्शक राळेचा, पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर, आणि तोही आतल्या बाजूला. कडेवर कधीच नाही. क्रेटची चिठ्ठी अरुंद बाजूवर लावा. गोदामात क्रेट एकावर एक रचले की तेवढीच बाजू बाहेर दिसते.